शालनबाईंनी दाबलेलं बटन

सात नंबरच्या कॉम्प्युटरला कुंकू लावायला वैरागकर सरांनी बोट पुढं केलं, तेव्हा त्याच्या पडद्यावर इंग्रजीत लिहून आलं होतं, ‘अपडेट चालू आहे. कॉम्प्युटर बंद करू नका.’ त्याच्याखाली अडुसष्ट टक्के.

“बंद कर,” सर म्हणाले.

“सर, बंद करू नका असं लिहिलंय.”

“कुणी लिहिलंय?”

“त्यानंच. कॉम्प्युटरनं.”

“त्याला काय कळतंय? चालत्या यंत्राची पूजा होत नसती, हेमलता. टाइपरायटर होते तेव्हासुद्धा कधी केली न्हाई. बाकीचे अकरा गप झोपलेत, ह्यालाच काय धाड भरलीय?”

खंडेनवमी होती. बार्शीत सरांचा टायपिंगचा क्लास होता आणि मी तिथं शिकवत होते. कॉम्प्युटरांची देखभालही माझ्याच गळ्यात होती, कारण सगळ्यांत तरुण मीच होते, सव्वीस वर्षांची. सर मूळचे टाइपरायटर दुरुस्त करणारे. सरकारनं टाइपरायटरवरची परीक्षा बंद करून कॉम्प्युटरवर आणली, तेव्हा त्यांनी जुनी यंत्रं पुसून, तेल देऊन पोटमाळ्यावर चढवली आणि बारा कॉम्प्युटर आणले. पण खंडेनवमीचा नेम तोच ठेवला. त्या दिवशी सगळी यंत्रं बंद करायची, पुसायची, हळदकुंकू, फूल, अक्षता, नारळ. मग दसऱ्याला सोनं वाहून झाल्यावर, तिसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा बोट लावायचं. ह्या अक्षता कीबोर्डच्या फटींत जाऊन बसायच्या. त्या दात कोरायच्या काडीनं टोकरून काढण्यात माझा दरवर्षी एक अख्खा दिवस जायचा.

त्या सकाळी सातपासून मी त्या सात नंबरशी झगडत होते. शनिवारी आमच्या केंद्रावर टायपिंगची परीक्षा होती आणि परीक्षा मंडळानं आपलं सॉफ्टवेअर सगळ्या कॉम्प्युटरांवर टाकून ठेवायला सांगितलं होतं. मंडळाच्या पत्रात पहिलं वाक्य होतं, ‘इंटरनेटवरून सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे.’ आणि दुसरं वाक्य होतं, ‘परीक्षा सुरू होईपर्यंत कॉम्प्युटर इंटरनेटला जोडू नये, अपडेट होऊ देऊ नये.’ आता इंटरनेटला जोडल्याशिवाय उतरवायचं कसं, हे लिहिणाऱ्याला विचारायची सोय नव्हती. अकरा ठिकाणी ते सॉफ्टवेअर मुकाट्यानं बसलं. सात नंबरवर बसेना. एकदा म्हणालं, अमुक एक फाईल नाही. ती फाईल आणली तर व्हायरस मारणाऱ्यानं तिलाच व्हायरस समजून गिळलं. त्याला बंद केलं तर म्हणालं, आधी अपडेट करा. तीन आठवडे ते अपडेट रोज सकाळी कोपऱ्यात येऊन विचारायचं आणि मी रोज त्याला ‘उद्या’ म्हणून हाकलायची. शेवटी वैतागून ‘हो’ म्हटलं. त्याला दीड तास झाला होता. तेव्हापासून ते एकेका टक्क्यानं रांगत होतं आणि मी त्याच्यासमोर बसून चहावर चहा पीत होते. यंत्राची कधी शिसारी येते का? मला आली होती. त्याचा तो निळा पडदा, ते गोल गोल फिरणारे ठिपके, तो मऊ आवाज, सगळ्याची.

“बारा दहापर्यंतच मुहूर्त हाय,” सर म्हणाले.

मी खाली वाकले आणि पिन उपसली. पडदा काळा झाला. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

“आता कसं,” म्हणत सरांनी सात नंबरला कुंकू लावलं.

दारात शालनबाई झेंडूची माळ घेऊन उभ्या होत्या. शालन हजगुडे, वय अडतीस. नवरा पाटबंधारेच्या ऑफिसात क्लार्क होता. तो अचानक गेला आणि त्याच्या जागी अनुकंपा म्हणून ह्यांना घेतलं. अट एवढीच, की दोन वर्षांच्या आत मिनिटाला तीस शब्दांची मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी संपली. दोनदा त्या बसल्या. एकदा सव्वीसवर अडकल्या, एकदा अठ्ठावीसवर. दोन वर्षं डिसेंबरात भरत होती, म्हणजे शनिवारची परीक्षा शेवटची. पुढची परीक्षा येईपर्यंत नोकरीच राहणार नव्हती. घरी सासू आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली.

“सात नंबरला घालू का माळ?” त्यांनी विचारलं. त्यांच्या हॉल तिकिटावर सात नंबरच आला होता. वर्षभर सरावाला त्या त्याच खुर्चीवर बसत आल्या होत्या, त्यामुळं त्यांना तो शुभशकुन वाटत होता.

“घाला की,” मी म्हटलं.

माळ घालून झाल्यावर त्या खुर्चीवर बसल्या आणि बंद कीबोर्डच्या अलीकडं, नुसत्या टेबलावर बोटं चालवायला लागल्या. डोळे मिटलेले, ओठ हलतायत. त्यांचा सराव असा कुठंही चालायचा. पोळ्या लाटताना पोळपाटाच्या कडेवर बोटं फिरतात म्हणून सासू चिडते, असं त्या हसत सांगायच्या.

“मॅडम, ह्या वेळेला हुतंय बघा,” त्या म्हणाल्या. “परवा घड्याळ लावून केलं. एकतीस आले. सरांनी मोजले.”

“होणारच,” मी म्हटलं. मला त्या आवडायच्या. हे मुद्दाम सांगते आहे.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी क्लास उघडला. माळा उतरवल्या, अक्षता झटकल्या, एक एक करून अकरा कॉम्प्युटर लावले. ते लागले. सात नंबर लावला. तो म्हणाला, ‘बदल मागे घेत आहोत.’ नऊ वाजले, दहा वाजले, तो बदल मागेच घेत होता. मग स्वतःच बंद पडला, स्वतःच चालू झाला आणि पुन्हा म्हणाला, ‘बदल मागे घेत आहोत.’

मंडळाच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिकडच्या मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, रीस्टार्ट करून बघितलं का?”

“तो स्वतःच रीस्टार्ट होतोय. सकाळपासून चार वेळा झालाय.”

“मग एकदा तुम्ही करून बघा.”

मी फोन ठेवला.

सर पाठीमागं येऊन उभे राहिले. “टाइपरायटर असा कधी रुसला न्हाई. लई तर एखादी कळ अडकायची. टोचायची, तेल सोडायचं, झालं,” ते म्हणाले. मग हळूच, “त्या दिवशी बंद केला म्हणून झालं काय गं?”

“नाही सर, तो आधीपासूनच तसाच आहे,” मी सांगितलं. कशाला म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला लावून घ्यायचं, असं तेव्हा मनात होतं.

दुपारी एकला तो उघडला. उघडला तर मराठी कीबोर्डच गायब. आमच्याकडं जुन्या टाइपरायटरच्या पट्टीनं, म्हणजे अक्षरांच्या त्या मांडणीनं टायपिंग शिकवायचे, आणि ती पट्टी कॉम्प्युटरला आपणहून येत नाही, वेगळी टाकावी लागते. ती टाकली. मग मंडळाचं सॉफ्टवेअर टाकलं. ते म्हणालं, अपडेट अर्धवट आहे. मी पुन्हा इंटरनेटची वायर जोडली, जी जोडायची नव्हती, आणि पुन्हा तेच अपडेट पहिल्यापासून सुरू केलं. जेवले नाही. डबा उघडला तर वास सहन होईना, इतकं डोकं उठलं होतं. पावणेचारला अपडेट संपलं, सॉफ्टवेअर उघडलं, मराठी अक्षरं उमटली. मी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

आणि पडद्यावर आलं, ‘काम पूर्ण करण्यासाठी रीस्टार्ट आवश्यक. आता करू की वेळ ठरवता?’

चार वाजता निरीक्षक केंद्र तपासायला यायचे होते. आता रीस्टार्ट केला आणि त्यानं पुन्हा मागं जायला सुरुवात केली, तर एक यंत्र बंद म्हणून शेरा पडणार. खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला. वेळ निवडायचा चौकोन मी पडद्यावर उघडला. परीक्षेची तुकडी शनिवारी दहा ते अकरा होती. मी शनिवार, दुपारी बारा असं टाकलं. एक तास जास्तीचा सोडला, म्हणजे मी किती विचार केला बघा.

निरीक्षक पाथरूडकर नावाचे होते, कुठल्याशा कॉलेजातले. गळ्यात ओळखपत्र, हातात पेढ्यांचा पुडा, तोही कुणीतरी दिलेला. त्यांनी बाराही यंत्रांवर एक एक ओळ टाइप करून पाहिली, वहीत बारा खुणा केल्या आणि म्हणाले, “छान. सगळं व्यवस्थित आहे.”

शनिवारी मुलं साडेनऊलाच आली. शालनबाई नऊला आल्या होत्या. धुतलेली गुलाबी साडी, केसांना तेल, नखं कापलेली. बोटं गार पडू नयेत म्हणून दोन्ही हात पदरात गुंडाळून बसल्या होत्या.

दहा वाजता प्रश्नपत्रिका मंडळाकडून कॉम्प्युटरवर उतरायची होती. दहाला उतरली नाही, साडेदहाला नाही. मदत क्रमांक लागेना. पाथरूडकर सारखे घड्याळ बघत होते, कारण त्यांची दोनची एसटी होती. अकरा वाजून दहा मिनिटांनी प्रश्नपत्रिका उतरली आणि परीक्षा सुरू झाली. आधी पत्र, मग तक्ता, शेवटी वेगाचा उतारा, सात मिनिटांचा. तोच खरा. त्यात तीस शब्दांचा वेग आला की पास.

मी मागं भिंतीला टेकून उभी होते. उतारा सुरू झाला तेव्हा बाराही कीबोर्ड एकदम वाजायला लागले. शालनबाईंची पाठ ताठ होती आणि मान पडद्याकडं. एकदाही खाली बघत नव्हत्या. त्यांचा असा हात चाललेला मी वर्षभरात पाहिला नव्हता. मला आनंद झाला. बारा वाजता काहीतरी होणार आहे हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. दोन दिवसांच्या त्या कटकटीत मी ते पार विसरले होते. पडद्याच्या कोपऱ्यात सूचना आली असणार, पण परीक्षेचं सॉफ्टवेअर सगळा पडदा झाकून बसतं, त्याच्या मागं ती लपली.

पाचवं मिनिट संपत आलं होतं. सात नंबरचा पडदा निळा झाला. गोल ठिपके फिरायला लागले.

शालनबाईंचे दोन्ही हात कीबोर्डवरून वर उचलले गेले आणि तसेच हवेत राहिले. आजूबाजूचे अकरा कीबोर्ड वाजतच होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. फक्त हात खाली घेत नव्हत्या.

मी धावले. ‘अपडेट चालू आहे. कॉम्प्युटर बंद करू नका.’ चार टक्के.

“काय झालं?” पाथरूडकर आले.

“मॅडम, मी काय केलं न्हाई हो,” शालनबाई कुजबुजल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, “हात कुठं लागला का काय...”

उरलेली दोन मिनिटं संपली. बाकीच्यांचे उतारे आपोआप मंडळाकडं गेले. सात नंबरचा गेला नाही. मुलं बाहेर पडली. शालनबाई खुर्चीवरच बसून राहिल्या, कारण उठलं तर परीक्षा संपली असं होईल.

पाथरूडकरांनी बॅगेतून एक छापील फॉर्म काढला. परीक्षेत अडथळा आला तर भरायचा. त्यात कारणांचे तीन चौकोन होते. पहिला, वीज गेली. दुसरा, केंद्राच्या यंत्रातला दोष. तिसरा, परीक्षार्थीची चूक. पहिल्या दोन कारणांना पंधरा दिवसांत फेरपरीक्षा मिळायची. तिसऱ्याला नाही.

“वीज तर होती,” ते म्हणाले. “म्हणजे दोन नाहीतर तीन. दोनला खूण केली तर चौकशी लागेल, हे तुम्हाला माहीत असेलच. यंत्र उघडून बघतात, कुणी काय केलं ते सगळं निघतं त्यात. केंद्र तीन वर्षं बंद होतं आणि जबाबदार माणसाला पुन्हा कुठल्याही केंद्रावर घेत नाहीत. काय ते लवकर ठरवा. माझी एसटी आहे.”

हे सगळं ते पेढा खाता खाता बोलले. बोटांचा चिकटपणा त्यांनी फॉर्मच्याच कोपऱ्याला पुसला.

सरांनी मला आतल्या खोलीत नेलं. दार लोटलं. दोन-तीन मिनिटं आम्ही बोललो. मग बाहेर येऊन मी फॉर्म घेतला आणि तिसऱ्या चौकोनात खूण केली. खाली माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, ‘परीक्षार्थीच्या हातून अनवधानाने चुकीचे बटन दाबले गेल्यामुळे यंत्र बंद झाले.’ सही केली. पाथरूडकरांनी केली. सर बाहेर आलेच नाहीत.

परीक्षार्थीचीही सही लागायची. फॉर्म शालनबाईंपुढं ठेवला. त्यांनी तो सावकाश, प्रत्येक शब्दावर बोट ठेवत वाचला.

“माझंच चुकलं म्हना की,” त्या म्हणाल्या.

मी पेनाचं टोपण काढून पेन पुढं धरलं.

“मला वाटलंच. घाईत हुते. चांगला हात लागला हुता म्हणून हुरळले आन् कुठंतरी भलतीकडं बोट गेलं.” त्यांनी पेन घेतलं. “मॅडम, कुठलं बटन ते लिहायचं नसतंय का?”

“त्याची गरज नाही,” पाथरूडकर म्हणाले.

शालनबाईंनी सही केली. मग उठून माझा हात हातात घेतला. “तुम्ही लई शिकवलं हो. माझ्यामुळं तुमच्या क्लासचं नाव खराब झालं,” त्या म्हणाल्या.

त्यांची बोटं अजून ऊब धरून होती.

डिसेंबरात त्यांची नोकरी गेली. मी पुढच्या वर्षी बार्शी सोडली. आता सोलापुरात एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. अपडेट आलं की आधी काम साठवा, मगच ‘हो’ म्हणा, हे मी पहिल्या तासाला सांगते, फळ्यावर लिहून देते, आणि लिहिताना मला माझ्याच अक्षराचा वीट येतो. वैरागकर सर मध्यंतरी वारले. मी गेले नाही.

आठ वर्षांनी, मागच्या मार्चमध्ये, भावाच्या शेताच्या पाण्याचा दाखला आणायला बार्शीच्या पाटबंधारे ऑफिसात जावं लागलं. भाऊ आजारी होता, दुसरं कुणी नव्हतं. साहेब जेवायला गेले होते. मी त्यांच्या टेबलासमोर बसले. खोली लख्ख होती. फरशी पुसलेली, कपाटाच्या कडीलासुद्धा चकाकी, फायली दोऱ्यानं बांधून एका उंचीच्या लावलेल्या. टेबलाच्या काचेत तोंड दिसत होतं. फक्त टेबलावरच्या कॉम्प्युटरवर बोटभर धूळ. कीबोर्डवर तर कळांवरची अक्षरं दिसत नव्हती, साहेब वापरत असतील तेवढ्या चार-पाच कळा सोडून. काचेवरून फडकं फिरवल्याची ओल कीबोर्डच्या चार बोटं अलीकडं थांबली होती, सगळीकडून, रेघ मारल्यासारखी.

“मॅडम? हेमलता मॅडम न्हवं?”

मी मागं पाहिलं. शालनबाई. खाकी साडी, हातात चहाची किटली.

नोकरी गेल्यावर दीड वर्ष त्यांनी ह्याच ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी एका साहेबाला दया आली आणि शिपाई म्हणून घेतलं. हे त्यांनीच सांगितलं, हसत, काही विशेष झालंच नाही अशा सुरात. ज्या टेबलावर त्यांचा नवरा बसायचा आणि नंतर दोन वर्षं त्या स्वतः बसल्या, ते टेबल आता त्या पुसायच्या. थोरलीचं लग्न झालं होतं. धाकटी शिकत होती.

त्यांनी माझ्यासाठी कप भरला, बशीनं झाकला, पुढं ठेवला. “घ्या. माझ्या हातचा हाय. कॅन्टीनचा न्हाई.”

“शालनताई,” मी विचारलं, “हा कॉम्प्युटर का पुसत नाही?”

“नको गं बाई,” त्या म्हणाल्या आणि खरोखरच एक पाऊल मागं सरकल्या. “साहेब रोज वरडत्यात. पर मी हात लावत न्हाई. कुठंतरी बोट लागायचं आन् कुणाचं तरी वाटोळं व्हायचं. एकदा झालं तेवढं बास.” मग आवाज खाली आणून, “मॅडम, इतकी वर्सं विचारीन म्हणत हुते. रात्री पडल्या पडल्या सगळा कीबोर्ड आठवून बघते. प्रत्येक बोट कुठनं कुठं गेलं ते बघते. मला सापडत न्हाई. कुठलं बटन हुतं ते?”

एखादी कळ सांगून मोकळं होता आलं असतं. दोन-तीन कळांची नावं माझ्या तोंडात आलीही.

“तुम्ही कुठलंच बटन दाबलं नव्हतं,” मी म्हटलं.

त्यांनी किटली टेबलावर ठेवली.

मी सगळं सांगितलं. शुक्रवारी पावणेचारला मी बाराची वेळ लावली होती ते. विसरले ते. आतल्या खोलीत काय झालं तेही सांगितलं, जे मी आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. सर मला म्हणाले होते, ‘दोनवर खूण कर, पोरी. केंद्र बंद पडलं तर पडलं, मी काय जन्माला पुरणार हाय? बाईची नोकरी जाईल.’ आणि मी त्यांच्या पाया पडले होते. चौकशीत माझं नाव निघेल, मला पुन्हा कुणी घेणार नाही, म्हणून रडले होते. सरांनी तोंड भिंतीकडं केलं आणि ‘मग कर तुला काय करायचं ते’ म्हणाले. आणि मी लोकांपुढं मात्र नेहमी सांगत आले, की सरांनीच मला तसं लिहायला लावलं.

“आणि?” शालनबाई म्हणाल्या. अजून काही आहे हे त्यांना कळलं होतं.

“त्या संध्याकाळी तो सात नंबर चालू झाला. सॉफ्टवेअरनं विचारलं, अर्धवट उतारा सापडला आहे, मंडळाकडं पाठवू की पुसून टाकू? मी आधी वाचला. मोजला.”

“किती?”

“चौतीस. मिनिटाला चौतीस. दोन चुका.”

“आन् पुसला.”

“पुसला.”

बाहेर कुणीतरी शिपायाला हाक मारली. शालनबाईंनी ओ दिली नाही. त्या आपल्या हातांकडं बघत होत्या, दोन्ही हात पालथे धरून, बोटं जराशी वाकवून.

“चौतीस,” त्या म्हणाल्या. “म्हंजे सापडत नव्हतं ते बरोबरच हुतं.”

“मला माफ करा म्हणायची माझी लायकी नाही, शालनताई, पण...”

“मग नका म्हनू.”

त्यांनी पुढं येऊन माझ्यापुढचा कप उचलला. चहावर अजून बशी होती, मी तोंडही लावलं नव्हतं. दाराशेजारच्या बेसिनपाशी जाऊन त्यांनी तो ओतला. कप विसळला, बशी विसळली, दोन्ही पालथी घातली. नळ बंद केला. मग फडकं पिळून घेतलं आणि टेबलापाशी आल्या. मला खुर्ची मागं घ्यायची खूण केली, जशी झाडताना कुणालाही करतात.

त्यांनी आधी पडदा पुसला, मग कीबोर्ड. एक एक कळ, डावीकडून उजवीकडं, फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून. कुठलीही कळ चुकवली नाही.

“दाखल्याला साहेब तीनला येत्याल,” माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या. “भायेर बाकडं हाय, तितं बसा.”

मी बाहेर जाऊन बाकड्यावर बसले.